‘सर्व्हर बंद आहे’

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यांतील दोन डोंगरी भाग. हिर्डोशीच्या खोऱ्यांतला किंवा केळदच्या घाटमाथ्यावरचा शेतकरी भर श्रावणांत तालुक्याच्या गांवीं एखाद्या कागदासाठीं निघाला, म्हणजे त्याचा सबंध दिवस त्या एका कामावर खर्ची पडतो. एस. टी. ची वाट पाहावी, भिजत कचेरी गांठावी, रांगेंत उभें राहावें आणि खिडकीशीं पोंचल्यावर आंतून उत्तर यावें, “सर्व्हर बंद आहे, उद्यां या”. हा अनुभव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आतां इतका परिचयाचा झाला आहे कीं, या वाक्याचा नेमका अर्थ काय, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. पूर्वीं ‘साहेब दौऱ्यावर गेले आहेत’ हें वाक्य जें काम करीत असे, तेंच काम हल्लीं हें वाक्य करतें.

वस्तुतः तें वाक्य बहुधा खरें नसतें. ज्या यंत्राला सर्व्हर म्हणतात, तें खरोखरच बंद असेल, तर पडद्यावर त्याच्याकडून कांहींच येत नाहीं. समोरचा ब्राउझर थोडा वेळ वाट पाहून ‘संपर्क होत नाहीं’ एवढेंच सांगतो. परंतु पडद्यावर ५०२, ५०४ किंवा ५०० यांपैकीं एखादा आंकडा उमटला असेल, तर तो आंकडा पाठविणारें कोणी तरी पलीकडे जागें आहे, हें उघड आहे. दुखणें आहे, पण रोगी मेलेला नाहीं. इतकेंच नव्हे, तर दुखणें कोठें आहे हें तो अर्धेंमुर्धें सांगतही आहे. पायथन या भाषेंत लिहिलेले आणि वेब सर्व्हरच्या आश्रयानें चालणारे प्रोग्राम कसे आजारी पडतात आणि त्यांची नाडी कशी पाहावयाची, एवढाच या भाषणाचा विषय आहे. सरकारी कचेऱ्यांचीं सर्व कामें पायथनमध्यें चालतात, असा याचा अर्थ नव्हे; परंतु परीक्षेची रीत सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे.

पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा हॉलंडमधील गुइडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. ती वाचावयास सोपी असल्यामुळें तिचा प्रसार फार झाला. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर मुंबईच्या ‘फ्रापे’ या मंडळींनीं तयार केलेला ‘ईआरपीनेक्स्ट’ हा जमाखर्चाचा व मालाच्या नोंदींचा प्रोग्राम पायथनवर उभा आहे आणि तो आतां देशोदेशीं वापरला जातो. मुंबईच्याच आय. आय. टी. मध्यें तयार झालेलें ‘यक्ष’ नांवाचें परीक्षा घेण्याचें साधनही याच भाषेंतलें. (प्रश्न विचारणाऱ्याला यक्षाचें नांव द्यावें, हें मात्र ज्यानें सुचविलें त्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे.)

पायथनचा प्रोग्राम स्वतः लोकांसमोर येत नाहीं. भोरला १९४८ पर्यंत पंतसचिवांचें संस्थान होतें. अशा कोणत्याही संस्थानी कचेरीचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. अर्जदार थेट दप्तरखान्यांत जात नसे. देवडीवर पहारेकरी, आंत शिरस्तेदार, त्याच्या हाताखालीं कारकून, आणि सर्वांच्या मागें दप्तर. वेब सर्व्हरची मांडणी अगदीं अशीच असते. देवडीवर ‘एंजिनएक्स’ नांवाचा वेब सर्व्हर उभा असतो. येणारी प्रत्येक मागणी तो घेतो आणि आंत ‘गुनिकॉर्न’ नांवाच्या शिरस्तेदाराकडे पोंचवितो. गुनिकॉर्न आपल्या हाताखालीं कांहीं कारकून पोसतो, त्यांना ‘वर्कर’ म्हणतात. प्रत्यक्ष पायथनचा प्रोग्राम चालविणारे तेच. आणि दप्तर म्हणजे डेटाबेस. कांहीं ठिकाणीं देवडीवर ‘अपाची’ असतो. त्याची तऱ्हा थोडी निराळी. ऑस्ट्रेलियांतील ग्रॅहॅम डम्पल्टन यांनीं रचलेला ‘मॉड-डब्ल्यूएसजीआय’ हा भाग अपाचीच्याच घरांत पायथनला बिऱ्हाड देतो. देवडी आणि कारकून यांनीं एकमेकांशीं कोणत्या बोलींत बोलावें, याचा करार २००३ सालीं ठरला; त्यापूर्वीं ज्याची त्याची बोली निराळी होती.

आतां दुखणें शोधावयाचें कसें? भाटघर धरणांतून सोडलेलें पाणी वेळवंडीच्या पात्रांतून नीरेंत येतें, नीरेंतून वीरला पोंचतें आणि तेथून कालव्यानें बारामतीकडे जातें. बारामतीच्या रानांत पाणी आलें नाहीं, तर शहाणा मनुष्य एकदम भाटघरला धांवत नाहीं. तो आधीं वीरला काय परिस्थिती आहे तें विचारतो. वीरला पाणी असेल, तर वरचा सारा मार्ग निर्दोष ठरला, आणि शोध कालव्यापुरता उरला. सर्व्हरच्या बाबतींतही मध्यें कोठें तरी उभें राहून दोन्ही बाजूंस पाहणें, हाच खरा उपाय. सुदैवानें या मार्गावरचा प्रत्येक जण आपली रोजनिशी लिहीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. देवडीवाल्याचा लॉग निराळा, गुनिकॉर्नचा निराळा, पायथनचा निराळा, डेटाबेसचा निराळा. कोणता लॉग आधीं उघडावयाचा, तें पडद्यावरचा आंकडा सांगतो.

५०२ याचा अर्थ असा कीं, देवडीवाला आंत गेला. पण शिरस्तेदार भेटलाच नाहीं, किंवा बोलतां बोलतां मध्येंच उठून गेला. ५०४ याचा अर्थ, शिरस्तेदार भेटला, पण वेळेंत उत्तर मिळालें नाहीं. या दोन्ही प्रसंगीं प्रथम देवडीवाल्याचाच लॉग पाहावा. तेथें ५०२ चें कारणही बहुधा एका ओळींत दिलेलें असतें. ‘संपर्क नाकारला’ असें असेल, तर गुनिकॉर्न उठलेलाच नाहीं, किंवा तो एका दारीं बसला आहे आणि देवडीवाला दुसरेंच दार ठोठावीत आहे. ‘अशी फाईल नाहीं’ असें असेल, तर दोघांच्या भेटीची जी जागा ठरली होती, तीच तेथें नाहीं. ‘परवानगी नाहीं’ असें असेल, तर जागा आहे, पण वाटेवर कुलूप आहे. या तिसऱ्या प्रकारानें पुष्कळांना चकविलें आहे. उबंटू या प्रणालीनें २०२१ च्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या माणसाच्या घरच्या फोल्डरांत इतरांना शिरण्यास मनाई केली. तेव्हांपासून प्रोग्राम स्वतःच्या घरच्या फोल्डरांत ठेवणाऱ्यांची पंचाईत होऊं लागली. कारण देवडीवाला हा परका माणूस, त्याला आंत पाऊलच टाकतां येत नाहीं. अशा वेळीं सर्व कुलुपें सर्वांना उघडीं करून टाकणारे महाभाग आढळतात. ताप उतरावा म्हणून घराचें छप्पर काढण्यासारखाच हा उपचार होय. प्रोग्राम घरांतून काढून सार्वजनिक जागीं ठेवावा, म्हणजे झालें.

४१३ हा आंकडा क्वचित् दिसतो. पण खेड्यांतल्या माणसाला तोच अधिक नडतो. एंजिनएक्स मुळांत एका मेगाबाइटपेक्षां मोठें गाठोडें आंत घेत नाहीं, आणि मोबाइलनें काढलेलें सात-बाऱ्याचें छायाचित्र त्याहून सहज मोठें असतें. एका ओळींत मर्यादा वाढविली, कीं प्रश्न मिटतो.

५०० ची गोष्ट निराळी. येथें अर्ज कारकुनाच्या हातांत पडला आहे आणि कारकूनच ठेंचाळला आहे. म्हणून पायथनचा लॉग पाहावयाचा. पायथन ठेंच लागली कीं आपण कोणत्या फायलींतून, कोणत्या ओळीवरून कोठें गेलों, याची लांबलचक हकीकत लिहितो. नवशिका ती पहिल्या ओळीपासून वाचूं लागतो आणि घाबरून सोडून देतो. ती उलटी वाचावयाची असते. अगदीं शेवटच्या ओळींत चुकीचें नांव आणि कारण असतें. तेथून वर जावें, आणि स्वतःच्या प्रोग्रामची जी पहिली ओळ भेटेल तेथें थांबावें. पुष्कळदां ही हकीकत पडद्यावरच दिसावी म्हणून ‘डीबग’ची खूण चालू करण्याचा मोह होतो. सार्वजनिक ठिकाणीं तो टाळलाच पाहिजे. कारण त्या खुणेबरोबर प्रोग्रामची अंतर्गत व्यवस्थाही वाटेल त्याला वाचावयास मिळते.

“माझ्या यंत्रावर चालतें, सर्व्हरवर चालत नाहीं” ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांची सार्वकालिक तक्रार. तिचें मूळ एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, भोर-वेल्ह्यांतील भात पिकविणाऱ्यांच्या एखाद्या संस्थेनें सभासदांची यादी ठेवण्यासाठीं पायथनमध्यें प्रोग्राम करून घेतला. लिहिणाऱ्या तरुणानें तो पुण्यास आपल्या टेबलावर चालवून दाखविला. सर्व कांहीं यथास्थित. नंतर तो सर्व्हरवर अपाचीच्या आश्रयास ठेवला. यादी पडद्यावर दिसते, गांवांचीं नांवें मराठींत शुद्ध उमटतात. पण ‘यादी फायलींत उतरवा’ हें बटण दाबलें कीं ५००. त्यांतही नवल असें कीं, गांवाचें नांव रोमन लिपींत लिहून ठेवलेल्या सभासदांची यादी बिनतक्रार निघते. देवनागरी आली कीं प्रोग्राम कोसळतो. संस्थेचे लोक असा निष्कर्ष काढतात कीं, संगणकाला मराठी येत नाहीं. उद्यांपासून सर्व नांवें इंग्रजींत लिहावयाचीं, असा ठरावही होऊं शकतो. असे ठराव अशाच प्रसंगीं होतात.

लॉगची शेवटची ओळ मात्र निराळेंच सांगते. तिचा मराठी आशय असा: ‘ॲस्की’ या संकेतानें ० ते २ या स्थानांवरील चिन्हें लिहितां येत नाहींत, त्यांचे क्रमांक १२८ च्या आंत नाहींत. ही ओळ किती प्रामाणिक आहे पाहा. ‘भोर’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीनें तीन चिन्हांचा: भ, ओकार आणि र. पायथन मोजणी शून्यापासून करतो, म्हणून ० ते २. ‘वेल्हे’ असतें तर व, एकार, ल, हलन्ताची खूण, ह आणि पुन्हा एकार अशीं सहा चिन्हें, म्हणजे ० ते ५ असें आलें असतें. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत देवनागरीचा विभाग २३०४ या क्रमांकापासून सुरू होतो आणि भ चा क्रमांक २३४९ आहे. ॲस्की हा जुना अमेरिकन संकेत. त्यांत अवघीं १२८ चिन्हें. तेव्हां तेथें भ ला जागा मिळणें शक्यच नाहीं.

पण पायथन ॲस्कीकडे गेला कां? त्याला मराठी येत नाहीं म्हणून नव्हे. फाईल लिहितांना कोणता संकेत वापरावा, हें प्रोग्राममध्यें सांगितलेलें नाहीं म्हणून. न सांगितल्यास तो आजूबाजूच्या वातावरणाला विचारतो. तरुणाच्या टेबलावरच्या यंत्रांत वातावरणाची भाषा ‘यूटीएफ-८’ होती, जींत जगांतल्या सर्व लिपी लिहितां येतात. परंतु डेबियन आणि उबंटू या प्रणालींत अपाचीच्या प्रारंभींच्या फायलींत भाषेचें मूल्य नुसतें ‘सी’ असें ठेवलेलें असतें, आणि ‘सी’ म्हणजे व्यवहारांत ॲस्की. पडद्यावरचीं नांवें शुद्ध दिसत होतीं, कारण पान पाठवितांना संकेत स्पष्ट सांगितला जातो. फाईल लिहितांना तो सांगावयाचा राहिला होता. २०१८ च्या जून महिन्यांत आलेल्या पायथन ३.७ नें हा जाच पुष्कळ कमी केला; तरी अपाचीच्या घरांत बिऱ्हाड करून राहणाऱ्या पायथनला त्या सवलतीचा लाभ नेहमींच होतो, असें नाहीं. उपाय दोन आहेत. अपाचीला वातावरणाची भाषा यूटीएफ-८ अशी सांगावी. आणि प्रोग्राममध्यें जेथें जेथें फाईल उघडली आहे, तेथें तेथें ‘यूटीएफ-८’ हा शब्द लिहावा. दोन्ही करावे, पण दुसरा अधिक श्रेयस्कर. मग प्रोग्राम कोणाच्याही घरीं राहिला तरी आपलें मराठी विसरणार नाहीं.

वातावरणाचा हा फरक केवळ भाषेपुरता नसतो. टेबलावर प्रोग्राम चालविणारा तो तरुण स्वतः असतो. सर्व्हरवर तोच प्रोग्राम एका निराळ्या, जवळजवळ अधिकारहीन माणसाच्या नांवानें चालतो. त्याचा मार्ग निराळा, त्याचें फोल्डर निराळें, गुप्त परवलीचे शब्द त्याच्या कानांत कोणी सांगितलेले नसतात. पायथनच्या पुरवण्या टेबलावर एका कपाटांत भरलेल्या असतात, आणि सर्व्हरवरचा पायथन दुसऱ्याच कपाटांत हात घालून ‘जँगो नांवाचा भाग सांपडत नाहीं’ असें म्हणतो. मॉड-डब्ल्यूएसजीआयच्या बाबतींत तर तो ज्या आवृत्तीच्या पायथनसाठीं बांधला गेला, त्याच आवृत्तीचें कपाट त्याला चालतें. म्हणून पुण्यांतल्या टेबलावर बसून सर्व्हरवरच्या दोषाचा तर्क करणें व्यर्थ होय. सर्व्हरवर जाऊन, त्याच अधिकारहीन माणसाच्या नांवानें, तोच प्रोग्राम हातानें चालवून पाहावा; दहांतले बरेचसे दोष तेथेंच उघडे पडतात.

दुरुस्ती केल्यावर एक गोष्ट हटकून विसरली जाते. फाईल बदलली म्हणून वर्कर बदलत नाहीं. त्यानें प्रोग्राम एकदां वाचून स्मरणांत ठेवलेला असतो. त्याला पुन्हा वाचावयास लावीपर्यंत तो जुनाच पाठ म्हणत राहतो. कित्येक जण खरी दुरुस्ती करतात, फरक दिसत नाहीं म्हणून ती पुसतात, आणि मग रात्रभर खोट्या दुरुस्त्या करीत बसतात.

याच्या उलट दुसरी खोड म्हणजे, कांहींही झालें कीं सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणें. त्यानें कांहीं काळ बरें वाटतें, हें खरें. म्हणूनच ती खोड जात नाहीं. पण त्या एका कृतीनें अडकून बसलेला वर्कर कोणत्या ओळीवर अडकला होता, स्मृति किती भरली होती, डेटाबेसकडे किती जण तिष्ठत होते, हा सारा पुरावा नाहींसा होतो, आणि दुखणें चार दिवसांनीं परत येतें. आधीं पाहावें, लिहून ठेवावें, मग चालू-बंद करावें. पाहण्याच्या गोष्टींत डिस्क भरली आहे काय, हीही एक आहे. रोजनिशी लिहून लिहूनच ती पुष्कळदां भरते, आणि मग रोजनिशीलाही जागा उरत नाहीं. वेळेचाही घोटाळा ध्यानांत ठेवावा. सर्व्हरचें घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असतें. वेल्ह्यांत सकाळीं अकरा वाजतां जें बिघडलें, त्याची नोंद लॉगमध्यें पहाटे साडेपांचची सांपडते. अकराच्या नोंदी शोधणारा ‘लॉग कोरा आहे’ असें सांगून मोकळा होतो.

वर्षअखेरच्या अहवालाचें दुखणें थोडें वेगळें. रोजचीं कामें सुरळीत चालतात, पण सगळ्या सभासदांचा वार्षिक हिशेब मागितला कीं ५०२. गुनिकॉर्नचा मूळचा नियम असा कीं, वर्कर ३० सेकंद अडकून राहिला तर त्याला काढून टाकावयाचें. देवडीवाला ६० सेकंद थांबावयास तयार असतो. पण त्याच्या आधींच कारकून निघून गेलेला असतो. शिवाय वेगळें सांगितलें नाहीं तर गुनिकॉर्न वर्कर एकच ठेवतो; त्यामुळें एकाचा अहवाल चालू असतां बाकीचे सर्व ताटकळत राहतात आणि खिडकीवर तेंच वाक्य ऐकतात. ३० चे ३०० करणें, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट इलाज. यंत्राच्या गाभ्यांची जी संख्या, तिच्या दुपटीहून एक अधिक इतके वर्कर ठेवावे, असें गुनिकॉर्नचे कर्तेच सुचवितात. आणि लांबणारें काम वर्करच्या गळ्यांतच बांधूं नये; तें मागच्या खोलींत निराळ्या कामगाराकडे द्यावें, अर्जदाराला लगेच पोंच द्यावी, आणि तयार झाल्यावर कळवावें. फ्रापेच्या प्रोग्रामांत मोठ्या कामांसाठीं अशी मागची रांग मुळांतच ठेवलेली आहे.

राहतां राहिला दप्तराचा प्रश्न. भाषेचा जो घोटाळा फायलींत झाला, तोच डेटाबेसांतही होऊं शकतो, आणि तेथें तो अधिक घातक असतो. तेथें दोन लक्षणें दिसतात. पहिल्यांत मराठी नांवाच्या जागीं रोमन ‘ए’ वर तिरपी रेघ आणि कांहीं अनोळखी नाण्यासारख्या खुणा दिसतात. हें दृश्य भयंकर असलें तरी भयाचें कारण नाहीं. मूळ आंकडे शाबूत आहेत, केवळ चुकीच्या संकेतानें वाचले जात आहेत, आणि काळजीपूर्वक उलट फिरविल्यास नांव परत मिळतें. दुसऱ्या लक्षणांत नुसतीं प्रश्नचिन्हें दिसतात. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसांत रकाना जुन्या ‘लॅटिन-१’ संकेताचा असेल आणि कडक शिस्तीची खूण बंद असेल, तर मावत नाहीं तें प्रत्येक चिन्ह टाकून देऊन त्या जागीं एक प्रश्नचिन्ह लिहिलें जातें. तीं प्रश्नचिन्हें दिसण्यापुरतीं नसतात. दप्तरांत तींच उरलेलीं असतात. रकाना दुरुस्त केल्यावर पुढचीं नांवें नीट येतील, मागचीं येणार नाहींत. तीन प्रश्नचिन्हें म्हणजे भोर कीं वीर, सहा म्हणजे वेल्हे कीं पानशेत, हें कोणताही संगणक सांगूं शकत नाहीं. त्या सभासदांसाठीं संस्थेची जुनी कागदी वही बाहेर काढावी लागते, आणि एकेक नांव पाहून पुन्हा भरावें लागतें.